खुर्ची, मेज आणि माणूस

चेन्नई शहराच्या मध्यभागी त्यागराय नगर ही मोठी बाजारपेठ आहे. तेथील रंगनाथन रस्ता मांबलम रेल्वे स्थानकाला लागून असून त्या अरुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंस कापडाची, भांड्यांची आणि नित्योपयोगी वस्तूंची अनेकमजली दुकाने उभी आहेत. अशा दुकानांतून साड्यांच्या घड्या उलगडून दाखविणाऱ्या नोकरमाणसांना वर्षानुवर्षे दिवसभर उभे राहून काम करावे लागे. समोर गिऱ्हाईक नसले तरी बसावयास साधे स्टूलही नसे. या बाजारपेठेच्या दक्षिणेस काही किलोमीटरांवर तारामणी येथे टायडेल पार्क ही संगणक-उद्योगाची विस्तीर्ण इमारत आहे. ती २००० साली सुरू झाली, आणि पुढे राजीव गांधी मार्गाच्या कडेने अशा कचेऱ्यांची रांगच उभी राहिली. तेथील कर्मचारी आठ-नऊ तास, प्रसंगी त्याहूनही अधिक काळ, संगणकापुढे खुर्चीत बसून असतात.

एकाच शहरातील या दोन प्रकारच्या नोकरांची दुखणी मात्र वेगवेगळी आहेत. पहिल्याचे पाय भरून येतात आणि पोटऱ्यांवरील शिरा फुगतात. दुसऱ्याची कंबर धरते, मान आखडते आणि डोळे चुरचुरतात. एकाला खुर्ची मिळत नाही, तर दुसऱ्याची खुर्ची सुटत नाही. मग खुर्ची हे औषध म्हणावे की रोगाचे कारण म्हणावे? या प्रश्नाचे उत्तर शोधणारे एक शास्त्र आहे. त्याला ‘एर्गोनॉमिक्स’ असे नाव आहे. ‘एर्गॉन’ म्हणजे काम आणि ‘नोमॉस’ म्हणजे नियम, या दोन ग्रीक शब्दांपासून ते बनले आहे. पोलंडमधील वोज्चेख यास्त्शेंबोव्हस्की या निसर्गशास्त्रज्ञाने १८५७ साली तो शब्द प्रथम वापरला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमधील संशोधकांनी तो पुन्हा प्रचारात आणला. मराठीत आपण त्याला ‘कार्यानुकूलनशास्त्र’ म्हणू. काम, कामाची साधने आणि कामाची जागा ही माणसाच्या शरीराला व मनाला अनुकूल कशी करावीत, हा या शास्त्राचा विषय होय.

लेखनिकांचे जुने दुखणे

कचेरीत बसून काम करणाऱ्यांची दुखणी संगणकाबरोबर आली, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः ती फार जुनी आहेत. बर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्याला इतर प्रश्नांबरोबर ‘तू काम काय करतोस?’ हेही विचारले पाहिजे, असे त्याने वैद्यांना सांगितले. १७१३ साली निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने लेखनिकांच्या रोगांवर स्वतंत्र प्रकरण जोडले. लेखनिकांच्या दुखण्याची त्याने तीन कारणे दिली आहेत: सतत बसणे, हाताची एकाच दिशेने अखंड होणारी हालचाल, आणि हिशेबात चूक होऊ नये म्हणून मनावर राहणारा ताण. त्या वेळी बोरू होता, आज कळफलक आहे. परंतु या तीन कारणांत आजही एका शब्दाचा फरक करण्याचे कारण नाही.

त्याहून लक्षणीय गोष्ट ही की, याच ग्रंथात रामाझिनीने उभ्याने काम करणाऱ्यांचा आणि बसून काम करणाऱ्यांचाही वेगवेगळा विचार केला होता. उभ्याने काम करणाऱ्यांनी मधून मधून बसावे किंवा चालावे, आणि बसून काम करणाऱ्यांनी निदान सुटीच्या दिवशी तरी शरीराला व्यायाम द्यावा, असा त्याचा सल्ला होता. रंगनाथन रस्ता आणि राजीव गांधी मार्ग या दोहोंचा विचार त्याने जणू तीनशे वर्षांपूर्वीच करून ठेवला होता.

रामाझिनीचा ग्रंथ छापला जात होता त्या सुमारास चेन्नईच्या दक्षिणेस तंजावर येथे शहाजीराजे भोसले राज्य करीत होते. तंजावरच्या मराठी राज्याचा कारभार मोडी लिपीत लिहिला जाई, आणि ते मोडी कागद आजही मोठ्या संख्येने जपून ठेवलेले आहेत. आपल्याकडील जुन्या दप्तरांतील कारकून बैठकीवर मांडी घालून बसत आणि पुढ्यात उतरते लाकडी डेस्क घेऊन लिहीत. पेढीवरच्या मुनीमाची बैठकही हीच होती. या पद्धतीत एक चांगला गुण होता. डेस्काचा पृष्ठभाग उतरता असल्यामुळे कागद डोळ्यांकडे वर येई आणि मान कमी वाकवावी लागे. शिवाय जमिनीवर बसणारा माणूस कधी मांडी बदलतो, कधी एक गुडघा उभा करतो, कधी तक्क्याला टेकतो. फार वेळ मांडी घातल्याने गुडघ्यांना त्रास होई हे खरे. तथापि बैठक बदलण्याची मुभा त्या पद्धतीत होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ही मुभा म्हणजेच या शास्त्राचे सूत्र आहे, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

न हलण्याचे श्रम

‘खुर्चीत बसून राहायचे, त्यात श्रम ते कसले?’ असे पुष्कळदा म्हटले जाते. याचे उत्तर मिळविण्यास एक साधा प्रयोग पुरेसा आहे. एक जाडसर पुस्तक हातात घेऊन हात खांद्याच्या रेषेत सरळ पुढे धरावा आणि तसाच ठेवावा. थोड्याच वेळात खांदा दुखू लागतो व हात थरथरतो. नंतर थोडी विश्रांती घेऊन तेच पुस्तक सावकाश वर-खाली करावे. आता हात बराच अधिक वेळ टिकतो. वस्तुतः दुसऱ्या प्रकारात काम अधिक झाले, मग थकवा कमी का?

याचे कारण स्नायूंच्या रक्तपुरवठ्यात आहे. स्नायू आकुंचन पावला की त्यातील बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात. हालचालीच्या कामात स्नायू आळीपाळीने आखडतो आणि सैल होतो. त्यामुळे रक्त आत-बाहेर खेळते राहते, प्राणवायू पोचतो आणि कामामुळे साठलेली द्रव्ये वाहून जातात. स्नायू एकसारखा ताणून धरला तर हा प्रवाह मंदावतो. कचेरीत नेमके हेच घडते. माणसाचे डोके सुमारे साडेचार ते पाच किलोग्रॅम वजनाचे असते. ते ताठ मानेवर तोललेले असताना मानेच्या मागील स्नायूंना फारसे कष्ट पडत नाहीत. परंतु खाली ठेवलेल्या पडद्याकडे किंवा कागदाकडे पाहण्यासाठी मान पुढे झुकली की ते वजन मागून ओढून धरावे लागते, आणि स्नायूंवरील भार काही पटींनी वाढतो. तो भार तासन् तास राहिला की मान आखडते.

पाठीच्या कण्यातील दोन मणक्यांमध्ये एक लवचीक चकती असते. प्रौढ माणसाच्या या चकत्यांना स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. आजूबाजूच्या भागांतून झिरपणाऱ्या द्रवांवर त्यांचे पोषण होते, आणि दाब कमी-अधिक होत राहिल्याने त्या झिरपण्यास साहाय्य होते. अल्फ नाकेमसन या स्वीडिश शल्यवैद्याने १९६० च्या दशकात कमरेच्या चकतीत सुई घालून तेथील दाब मोजला. पाठीला आधार न देता बसले असता हा दाब उभे राहण्यापेक्षा अधिक असतो, असे त्याला आढळले. पुढील मोजमापांत हा फरक इतका मोठा दिसला नाही. मात्र खुर्चीची पाठ जराशी मागे कललेली असून तिच्यावर अंग टेकले तर दाब कमी होतो, याला नंतरच्या मोजमापांनीही दुजोरा दिला.

उभ्या माणसाची अडचण निराळी आहे. पायांतील अशुद्ध रक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढवावयाचे असते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू शिरांना दाबतात आणि शिरांतील झडपा रक्ताला परत खाली येऊ देत नाहीत; म्हणजे पोटरी हा एक पंपच आहे. माणूस एका जागी उभा राहिला की पंप बंद पडतो. रक्त शिरांत साचते, पाय सुजतात आणि वर्षानुवर्षे असे झाल्यास शिरा कायमच्या फुगण्याचा संभव वाढतो.

डोळ्यांचेही तसेच आहे. जवळचे पाहताना डोळ्यातील भिंगाचा आकार बदलणारा स्नायू आखडलेला राहतो, आणि दूरवर पाहिले की तो सैल पडतो. शिवाय पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्यांची उघडझाप नेहमीपेक्षा बरीच कमी होते, त्यामुळे डोळ्यांवरील अश्रूंचा पातळ थर सुकतो. वातानुकूलित कचेरीतील कोरड्या हवेने त्यात भर पडते. बाहेर चेन्नईची दमट हवा असली, तरी आत बसणाऱ्याचे डोळे मात्र कोरडे पडतात.

या सर्वांतून एकच गोष्ट निष्पन्न होते. बसणे वाईट किंवा उभे राहणे वाईट, असे म्हणता येत नाही. कोणतीही एकच स्थिती दीर्घकाळ धरून ठेवावी लागणे, हे शरीराला मानवत नाही.

बसण्याचा हक्क आणि उठण्याची गरज

उभ्याने काम करणाऱ्यांना बसण्याची सोय हवी, हे कायद्याने फार पूर्वी मान्य केले होते. भारताच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमात, उभे राहून काम कराव्या लागणाऱ्या कामगारांसाठी बसण्याची योग्य व्यवस्था असावी, असे कलम होते. १९६४ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने दुकाने व कचेऱ्यांतील आरोग्यविषयक करार संमत केला. कामगारांना पुरेशी व सोयीची आसने द्यावीत आणि त्यांचा उपयोग करण्याची वाजवी संधीही द्यावी, असे त्याच्या १४ व्या अनुच्छेदात म्हटले आहे. आसन असणे वेगळे आणि त्यावर बसता येणे वेगळे, हा भेद येथे नेमका ओळखला आहे. तथापि दुकाने ही कारखान्यांच्या कायद्याबाहेर होती. केरळात कोझिकोड येथील दुकानांतून काम करणाऱ्या स्त्रियांनी या प्रश्नावर चळवळ चालविली, आणि २०१८ साली त्या राज्याने आपल्या कायद्यात दुरुस्ती केली. त्यानंतर तमिळनाडूनेही आपल्या १९४७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमास २०२१ साली २२-अ हे कलम जोडले. कामाच्या ओघात बसण्याची जी संधी मिळेल तिचा लाभ घेता यावा, अशी आसने प्रत्येक आस्थापनेत असावीत, असा त्या कलमाचा आशय आहे. दिवसभर उभे राहिल्यामुळे नोकरांना निरनिराळ्या व्याधी जडतात, हे कारण त्या विधेयकाबरोबर स्पष्टपणे मांडले होते.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही तितकाच बोलका आहे. १९५३ साली जेरी मॉरिस आणि त्यांचे सहकारी यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चालक दिवसभर बसून असे, तर वाहक तिकिटे देत जिन्यावरून सारखा चढ-उतार करी. दोघेही एकाच गाडीवर आणि एकाच रस्त्यावर काम करीत. परंतु हृदयविकाराचे प्रमाण चालकांमध्ये अधिक आढळले. टपालखात्यातही चालत पत्रे वाटणाऱ्या पोस्टमनांपेक्षा बसून काम करणाऱ्यांत ते अधिक दिसले. २०१६ साली दहा लाखांहून अधिक लोकांविषयीची माहिती एकत्र करून केलेल्या एका परीक्षणात असे दिसले की, दिवसातून आठ तासांहून अधिक बसणाऱ्यांना अकाली मृत्यूचा जो जादा धोका असतो, तो रोज ६० ते ७५ मिनिटे बऱ्यापैकी शारीरिक हालचाल करणाऱ्यांत जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे खुर्चीत बसणाऱ्यांनी निराश होण्याचे कारण नाही. दिवसभर उभे राहण्याचे मेज आणणे हाही त्यावरचा उपाय नव्हे. तसे केल्यास आपण राजीव गांधी मार्गावरून निघून रंगनाथन रस्त्यावर येऊन पोचू.

सरासरी माणूस कोठे आहे?

बैठक बदलण्याची मुभा हवी, हे झाले. पण मुळात आसन व मेज माणसाच्या मापाचे नसतील तर कोणतीच बैठक सुखाची होणार नाही. सर्वांना सरासरी मापाची खुर्ची दिली तर चालेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. अमेरिकेच्या हवाई दलापुढे हाच प्रश्न आला होता. गिल्बर्ट डॅनिअल्स याने चार हजारांहून अधिक वैमानिकांची मापे तपासली. उंची, छाती, हाताची लांबी अशा दहा मापांत एकाच वेळी सरासरीच्या आसपास बसणारा एकही वैमानिक त्याला सापडला नाही. १९५२ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सरासरी माणसासाठी केलेली वस्तू प्रत्यक्षात कोणाच्याच मापाची नसते. यास्तव आसने खाली-वर करता येण्याजोगी असली पाहिजेत, हा धडा त्यातून मिळाला.

परक्या मापांचा प्रश्न आपल्याकडे आणखी वेगळा आहे. चेन्नईतील अड्यार येथे केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे. डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात भारतीयांच्या पायांची मापे घेण्याचे एक मोठे सर्वेक्षण झाले, त्यात या संस्थेचा प्रमुख वाटा होता. देशातील ७९ ठिकाणी सुमारे एक लाख एक हजार आठशे ऐंशी लोकांचे पाय यंत्राने मोजण्यात आले. भारतीयांचे पाय युरोपीय पायांपेक्षा रुंद असतात, असे त्यातून दिसले. म्हणजे विलायती क्रमांकांची पादत्राणे आपण पिढ्यान् पिढ्या पायांना चावू दिली. खुर्च्या-मेजांची गोष्ट याहून निराळी नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, दीड मीटर उंचीची एक स्त्री कचेरीत कामाला आहे. जमिनीपासून गुडघ्याच्या लवणेपर्यंत तिची उंची ३८ सेंटिमीटर, आणि बैठकीपासून कोपरापर्यंतचे अंतर २१ सेंटिमीटर धरू. पाय जमिनीला टेकवून ती बसली असता तिचे कोपर जमिनीपासून ५९ सेंटिमीटरवर येईल. कचेरीतील मेज साधारणतः ७२ ते ७५ सेंटिमीटर उंच असते. कळफलक कोपराच्या उंचीवर किंवा किंचित खाली असावा, असा नियम आहे. येथे तो १३ ते १६ सेंटिमीटर वर आहे. हात पोचविण्यासाठी तिला खांदे उचलून धरावे लागतील, आणि उचललेले खांदे म्हणजे पुन्हा तेच न हलण्याचे श्रम. खुर्ची तितकीच वर केली तर पाय लोंबकळतील आणि बैठकीची कड मांड्यांखाली रुतेल. आता एक मीटर ७८ सेंटिमीटर उंचीचा पुरुष घ्या. त्याची लवणेपर्यंतची उंची ४५ आणि कोपरापर्यंतचे अंतर २५ धरल्यास बेरीज ७० होते. तेच मेज त्याला जवळपास बेताचे आहे. एकच मेज एकाला सोयीचे आणि दुसरीला दंडासारखे, असा हा प्रकार आहे. त्या स्त्रीसाठी उपाय मात्र फार स्वस्त आहे: खुर्ची वर करावी आणि पायांखाली चौदा-पंधरा सेंटिमीटर उंचीचा लाकडी पाट ठेवावा.

मनावरील भार

रामाझिनीने सांगितलेले तिसरे कारण म्हणजे मनावरील ताण. हे कारण खुर्ची बदलून दूर होत नाही. इंग्लंडमध्ये १९६७ साली सरकारी कचेऱ्यांतील सुमारे अठरा हजार पुरुष नोकरांचा अभ्यास सुरू झाला. या कचेऱ्या लंडनच्या व्हाइटहॉल या रस्त्याच्या परिसरात असल्याने त्याला व्हाइटहॉल अभ्यास असे नाव पडले. मोठ्या जबाबदाऱ्या वाहणाऱ्या वरिष्ठांना हृदयविकार अधिक होत असेल, असा सर्वसाधारण समज होता. प्रत्यक्षात उलटेच दिसले. दहा वर्षांत सर्वांत खालच्या श्रेणीतील नोकरांचे मृत्युमान सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट आढळले, आणि धूम्रपानासारख्या सवयींनी या फरकाचा काही भागच उलगडला. १९८५ साली सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात १०,३०८ स्त्री-पुरुषांचा समावेश होता. आपले काम कोणत्या क्रमाने व कसे करावे हे ठरविण्याचा ज्यांना फारसा अधिकार नव्हता, त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण अधिक दिसले.

म्हणजे शरीराप्रमाणे मनालाही मोकळीक लागते. शरीराला बैठक बदलण्याची, आणि मनाला कामाची रीत ठरविण्याची. काम पुष्कळ असले तरी त्यावर आपला थोडाबहुत ताबा असेल तर माणूस ते सोसतो. काम पुष्कळ आणि ताबा मुळीच नाही, ही स्थिती सर्वांत घातक ठरते. मद्रास बंदराच्या कचेरीत १९१२ साली श्रीनिवास रामानुजन नावाचा एक तरुण महिना तीस रुपये पगारावर हिशेबखात्यात कारकून म्हणून लागला. नेमून दिलेले काम उरकल्यावर उरलेला वेळ गणितात घालविण्याची मुभा त्याला वरिष्ठांकडून मिळत असे, आणि तेथील अधिकारी नारायण अय्यर तर त्याच्याबरोबर गणिताची चर्चा करीत. त्याच कचेरीत असताना, जानेवारी १९१३ मध्ये, त्याने केंब्रिजच्या हार्डी यांना आपले सुप्रसिद्ध पत्र लिहिले. प्रत्येक कारकून रामानुजन नसतो, हे उघड आहे. परंतु मोकळीक दिल्याने कचेरीचे काम अडत नाही, एवढे तरी या उदाहरणावरून म्हणता येईल.

कामाच्या तासांचाही विचार केला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली एक संयुक्त अंदाज प्रसिद्ध केला. आठवड्यास ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेने ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असतो, असे त्यात म्हटले आहे. चेन्नईच्या कचेऱ्यांत यात आणखी एक गोष्ट मिसळते. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा येथे सायंकाळचे साडेसहा किंवा, ऋतुमानाप्रमाणे, साडेसात झालेले असतात. पलीकडील गिऱ्हाइकाचा दिवस सांभाळणाऱ्याला आपली रात्र जागून काढावी लागते. शरीरातील घड्याळ सूर्याच्या उजेडावर चालते, कचेरीच्या पाळीवर नव्हे. यासाठी पाळ्या वरचेवर बदलू नयेत, दोन पाळ्यांत पुरेशी झोप होईल इतके अंतर असावे, आणि दिवसा झोपणाऱ्याच्या घरी अंधार व शांतता राखली जावी.

कचेरीत काय करता येईल?

आतापर्यंतच्या विवेचनावरून काही साधे नियम सांगता येतात. खुर्ची अशा उंचीवर ठेवावी की पावले जमिनीवर किंवा पाटावर पूर्ण टेकतील आणि बैठकीची कड व गुडघ्याची लवण यांत दोन-तीन बोटांचे अंतर राहील. कमरेच्या पोकळीला टेकू मिळाला पाहिजे. खुर्चीत तो नसेल तर गुंडाळलेला पंचा किंवा लहानशी उशी चालते. खांदे सैल आणि कोपरे अंगालगत असावीत. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा जराशी खाली असावी आणि पडदा सुमारे हातभर दूर असावा. घडीच्या संगणकात पडदा आणि कळफलक एकमेकांना जोडलेले असल्याने एक सोयीचा केला की दुसरा गैरसोयीचा होतो. म्हणून दीर्घकाळ काम असल्यास वेगळा कळफलक घ्यावा आणि संगणक चार जाड पुस्तकांवर ठेवावा. खिडकी पडद्याच्या समोर किंवा मागे न येता बाजूला यावी, म्हणजे डोळे दिपत नाहीत.

दर अर्ध्या तासाने एक-दोन मिनिटे उठावे. दर वीस मिनिटांनी सहा मीटर किंवा त्याहून दूरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे आणि पापण्या मुद्दाम मिटाव्यात. दूरध्वनीवर बोलताना उभे राहावे. पाण्याचा तांब्या हाताशी न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावा. तहान हीच मग उठण्याची आठवण होते. हात-बोटांना मुंग्या येणे, रात्री मनगट दुखून जाग येणे, कंबरेतील कळ पायात उतरणे, किंवा कामाच्या विचाराने आठवडेच्या आठवडे झोप न लागणे, ही लक्षणे अंगावर काढू नयेत. वेळीच डॉक्टरांना दाखवावे.

यांतील काही गोष्टी नोकराच्या हातच्या आहेत, परंतु पुष्कळशा नाहीत. उठून दोन पावले चालणाऱ्याकडे वरिष्ठ डोळे वटारून पाहत असतील तर कितीही महागडी खुर्ची व्यर्थ होय. ज्या दुकानात स्टूल ठेवले आहे, पण त्यावर बसलेला नोकर आळशी ठरविला जातो, त्या दुकानात कायदा केवळ कागदावर राहिला. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा अंदाज आहे. मनुष्याला अपंगत्वात दिवस कंठावयास लावणाऱ्या कारणांत तिचा क्रमांक पहिला लागतो. इतक्या मोठ्या दुखण्याचा भार एकट्या नोकराच्या शिस्तीवर टाकून चालणार नाही. मालक, व्यवस्थापक आणि नोकर यांनी एकत्र बसून कामाची जागा पाहिली, तर पुष्कळसे दोष विनाखर्च दूर होतात; कारण खुर्ची कोठे बोचते हे तीत बसणाऱ्यालाच ठाऊक असते. आपल्या देशात या विषयाचे मार्गदर्शन करणाऱ्या संस्थाही आहेत. मुंबईत शीव येथे केंद्रीय श्रम संस्था आहे आणि चेन्नईत प्रादेशिक श्रम संस्था आहे, तर अहमदाबाद येथे राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे.

शाळांतून हा विषय शिकविण्यास मोजपट्टीखेरीज दुसरे साधन लागत नाही. एका वर्गातील सर्व मुलामुलींची लवणेपर्यंतची आणि बसल्यावर कोपरापर्यंतची उंची मोजून फळ्यावर मांडावी, आणि शेजारी बाकाची व डेस्काची उंची लिहावी. किती जणांचे पाय लोंबकळतात आणि किती जणांचे खांदे वर चढतात, हे त्या आकड्यांवरून तत्काळ दिसेल. मग सर्वांत लहान मुलांसाठी पाट कोठून मिळवावयाचे, आणि तास संपल्यावर सर्वांनी किती वेळ उभे राहावयाचे, हे वर्गाने शिक्षकांच्या संमतीने ठरवावे. आज बाकावर बसणारी हीच मुले उद्या दुकानांत आणि कचेऱ्यांत कामाला जातील. तेथे पहिल्या दिवशी आपली खुर्ची मोजून पाहण्याची आणि ती बेताची नसेल तर तसे सांगण्याची सवय त्यांना येथेच लागली पाहिजे.